इतर हक्क

तिचं कागदावरचं नाव डचेस अमेलिया ऑफ सिल्व्हर ब्रूक.
हर्णैत ते कुणाच्या जिभेवर बसेना,
म्हणून ती तारली.
माझ्या बर्फाच्या कारखान्यात, लादी सरकत खाली येते
त्या ओल्या फरशीवर दुपारभर पोट टेकून पडते.
लॅब्रॅडोरला इथला उकाडा सोसत नाही.

इचलकरंजीच्या मगदुमांनी दोन आकडे सांगितले होते.
पुऱ्या कागदाचे पंचावन्न हजार,
मर्यादित नोंदणीचे बावीस.
कुत्री तीच. रक्त तेच.
आई, आजी, पणजी, सगळ्या छापून मिळणार.
फक्त हिच्या पोटी जे येईल
ते क्लबाच्या वहीत चढणार नाही.

मी म्हटलं, आम्हाला कुठं पिल्लांचं दुकान घालायचंय.
मगदूम हसले नाहीत.
म्हणाले, हिच्या मावशीची कंबर चौथ्या वर्षी गेली.
ही दोन वर्षांची होऊ दे, खुब्याचा फोटो काढून पाठवा,
चांगला आला तर मीच सही करतो, कागद पुरा होईल.
तोवर सांभाळा.

सांभाळली की.
पण कारखान्याची मागची भिंत उधाणात बसली,
आणि बंदरावरच्या हवालदाराला
(एक कान तुटका, लिलावाच्या वेळी सगळ्यांच्या पायात)
कुणी वही दाखवली नव्हती.

नारळी पुनवेला आठ दिवस होते. बोटी वर ओढलेल्या.
हमदुल्यांच्या बोटीखाली, जाळ्याच्या ढिगावर, सहा.
तीन पिवळी, दोन काळी,
एकाचा रंग अजून ठरायचा होता.
हमदुले वाकून बघून गेले.
म्हणाले, जाळं राहू दे तिला, मी दुसरं काढतो.

त्या रात्री तिचा कागद बघावा म्हणून ट्रंक उघडली.
वरच सातबारा होता,
पाजपंढरीच्या वाटेवरच्या नऊ गुंठ्यांचा.
कब्जेदार तिघे भाऊ. माझ्या बापाचे,
माझ्या आईचे नव्हेत.
आणि बाजूच्या रकान्यात, बारीक अक्षरांत, इतर हक्क:
आनंदी, पोटगीपुरता, हयातीपर्यंत.

हयात संपून अकरा वर्षं झाली.
तलाठ्यानं नाव कमी केलेलं नाही,
मीही कधी आठवण करून दिली नाही.
तारलीचा कागद त्याच्याखाली निघाला. गुळगुळीत, सोनेरी काठाचा,
एका कोपऱ्यात तसंच बारीक अक्षर.
पाऊस पत्र्यावर होता. झाकण उघडंच टाकून
मी खाली जाऊन तिला भात घातला.

पाच पिल्लं गेली.
आंजर्ल्याच्या एका सुपारीवाल्यानं तेवढं विचारलं, कागद हायत?
नाहीत म्हटल्यावर त्यानं काळं उचललं,
रिकाम्या क्रेटमध्ये घातलं, वर गोणपाट टाकलं.
मासळीसारखं घासाघीस करून
दीडशे रुपये माझ्या खिशात कोंबले. नको म्हणत होतो.

रंग न ठरलेलं राहिलं.
सहाव्या महिन्यात ते मागचे पाय वाकडे टाकू लागलं.
लादीवरून उठताना दोनदा बसतं.
दापोलीच्या डॉक्टरनं फोटो खिडकीला धरला:
गोळा खोबणीत बसलेलाच नाही, बघा.
बघितलं. घाटाच्या वळणावर गाडी थांबवून
उगाच टायर तपासले.

म्हणजे मगदूम खोटं बोलले नव्हते.
एवढं तरी त्यांना सांगावं म्हणून फोन लावला.
सांगितलं सगळं, भिंतीपासून.
तिकडं बराच वेळ नुसती कुत्री भुंकत होती, कागदवाली.
मग त्यांनी विचारलं,
नाव काय ठेवलंत?

समोर लादी सुटली, धडधडत आली.
ते उठलं, बसलं,
परत उठलं.
मी म्हटलं, थांबा हं, सांगतो.